गुप्तलिपी देवनागरीत: रहस्यकथेतले संकेत घडवायचे कसे आणि फोडायचे कसे

शेरलॉक होम्सच्या 'द व्हॅली ऑफ फिअर'मध्ये सुरुवातीलाच आकड्यांची एक चिठ्ठी येते: ५३४ सी२ १३ १२७ ३६ अशी. ५३४ हे पान, सी२ म्हणजे दुसरा रकाना आणि पुढचे आकडे म्हणजे त्या रकान्यातले शब्द. पुस्तक असते व्हिटेकरचे वार्षिक पंचांग. होम्स नवी कोरी प्रत उघडून तेरावा शब्द मोजतो, तर तिथे निघतो 'मराठा'. एकशेसत्ताविसावा निघतो 'सरकार' आणि त्यापुढे डुकराचे केस. सगळा घोटाळा. कारण साधे आहे. तारीख ७ जानेवारी, होम्सने नव्या वर्षाची प्रत घेतली आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याने जुन्या वर्षाची वापरली होती. जुनी प्रत उघडताच निरोप लागतो.

इंग्रजी रहस्यकथेतली युक्ती उचलून मराठी कथेत घातली की नेमके असेच होते. किल्ली बरोबर असते, पण ती लावलेली असते दुसऱ्याच पुस्तकाला. इंग्रजी संकेत २६ सुट्या अक्षरांवर उभा असतो. आपल्याकडे मात्रा आहेत, जोडाक्षरे आहेत, डोक्यावर शिरोरेघ आहे आणि शब्दाच्या शेपटाला विभक्ती चिकटलेली आहे. यातली प्रत्येक गोष्ट काही ना काही फोडते. म्हणून मराठीत संकेत घडवताना पहिला प्रश्न 'कोणती पद्धत' हा नसतो. आपण नेमके काय लपवतो आहोत, हा असतो. कथा लिहिणाऱ्यांना, वाचनालयात किंवा गणेशचवथीच्या सुट्टीत मुलांसाठी शोधखेळ मांडणाऱ्यांना आणि नुसते कोडे सोडवत बसणाऱ्यांनाही पुढचे उपयोगी पडेल.

आधी भाषा ठरवा

एडगर ॲलन पोच्या १८४३ सालच्या 'द गोल्ड-बग'मध्ये नायक चिठ्ठी फोडण्याआधी ती कोणत्या भाषेत आहे हे ठरवतो. सही म्हणून करडाचे चित्र असते. करडू म्हणजे 'किड', आणि चाच्याचे नाव किड. हा श्लेष इंग्रजीतच जमतो, म्हणून भाषा इंग्रजी. एरवी त्याने स्पॅनिश किंवा फ्रेंचपासून सुरुवात केली असती.

गोव्यात ही पायरी फारच महत्त्वाची. जुन्या घराच्या पेटाऱ्यातून निघालेला कागद मराठीत असेल, कोंकणीत असेल किंवा पोर्तुगीजमध्येही असेल. पोच्या कथेत ८ हे चिन्ह ३३ वेळा येते, म्हणून ते 'ई' ठरते, कारण इंग्रजीत सर्वांत जास्त येणारे अक्षर तेच. पोर्तुगीजमध्ये पहिला क्रमांक 'ए'चा, 'ई' त्याच्या मागे. जो इंग्रजीचा नियम पोर्तुगीज कागदाला लावील तो पहिल्याच पावलाला चुकेल. देवनागरी कोंकणी असेल तर 'आहे'च्या जागी 'आसा' आणि 'घरात'च्या जागी 'घरांत'. म्हणजे शब्दाच्या शेवटी 'त' आणि त्याच्या आधीच्या अक्षरावर अनुस्वार. अनुस्वारांची गर्दी दिसली तर कोंकणीचा संशय घ्यावा.

मोडी किंवा गोव्यातली जुनी गोंयकानडी लिपी ही गुप्तलिपी नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. १८९० साली घडणाऱ्या कथेत मोडीतला कागद कोणालाच वाचता येत नाही असे दाखवले तर ती चूक आहे. त्या काळी हिशेब ठेवणारा कोणीही मोडी वाचत होता. आजच्या काळातल्या कथेत मात्र पणजीच्या पुराभिलेखागारापर्यंतची एक फेरी त्यातून मिळू शकते.

मग एकक ठरवा

देवनागरीत तीन वाटा आहेत. पहिली, व्यंजन बदलायचे आणि मात्रा तशीच ठेवायची. दुसरी, अक्षर फोडून व्यंजन आणि स्वर दोन्हींना आकडे द्यायचे. तिसरी, अख्खा शब्द बदलायचा. पहिली वाट झटपट जमते आणि झटपट फुटते. मुलांच्या खेळाला आणि लघुकथेला तीच बरी. दुसरी मेहनतीची, पण कादंबरी पेलणारी. तिसरी म्हणजे पुस्तकी संकेत. तिच्यात विभक्ती आडवी येते, ते पुढे पाहू.

एकक एकदा ठरले की मधेच बदलू नका. निम्मी चिठ्ठी ऱ्हस्व-दीर्घ पाळून आणि निम्मी न पाळता लिहिली तर ती लिहिणाऱ्यालाही सुटत नाही.

मूलदेवी: आपल्याच घरची अदलाबदल

वात्स्यायनाने चौसष्ट कलांमध्ये 'म्लेच्छितविकल्प' ही कला मोजली आहे, म्हणजे गुप्त बोलणे-लिहिणे. यशोधराच्या 'जयमंगला' टीकेत त्यातली मूलदेवी रीत येते. अक्षरांच्या जोड्या लावायच्या आणि जोडीतले एक आले की दुसरे लिहायचे:

अ–क, ख–ग, घ–ङ, च–ट, त–प, ञ–ण, न–म, र–ष, ल–स, य–श. बाकीची अक्षरे आहेत तशीच.

'चावी देवळाच्या मागच्या तळीत आहे' हे वाक्य घ्या. मात्रा जागेवर ठेवून व्यंजने बदलली की होते:

टावी देवळाट्शा नाखट्शा पळीप काहे

'आहे'चे 'काहे' झाले, कारण अ आणि क यांची जोडी आहे. ही या रीतीची फार चांगली बाजू. सुटा स्वर उघडा पडत नाही, तो व्यंजनाच्या आड जातो. पण 'देवळा' जसाच्या तसा राहिला, कारण द, व, ळ कोणत्याच जोडीत नाहीत. गोव्यातल्या वाचकाला 'देवळा' दिसले की पुढचे अर्धे कळले! तेव्हा मूलदेवी वापरायची तर उरलेल्या अक्षरांच्या जोड्या आपल्या आपण लावून घ्या: ज–द, ड–व, ब–ळ, ह–थ अशा. कोणत्याही जोडीत दोन्ही अक्षरे नेहमी लागणारी असू द्या. ह–ढ अशी जोडी लावलीत तर कागदभर ढ पसरेल आणि ते डोळ्यांना लगेच खुपेल.

आता हेच वाक्य किल्ली माहीत नसताना फोडून पाहू. पोच्या नायकाला ';४८' हा तुकडा सात वेळा सापडतो आणि तो इंग्रजी 'द' हा शब्द ठरतो. मराठीत त्याची जागा घेतो '-च्या'. शब्दाच्या शेवटी एखादे जोडाक्षर आणि त्याला काना असा तुकडा पुन्हापुन्हा आला तर तो बहुधा च्या, ल्या, त्या किंवा ण्या. इथे 'ट्शा' दोन लागोपाठच्या शब्दांच्या शेवटी आहे. त्या दोन शब्दांनंतर नाम येते, म्हणजे ही षष्ठी असावी. च्या धरा. ट म्हणजे च, श म्हणजे य. शेवटचा शब्द दोन अक्षरांचा: काना, मग एकारान्त. मराठी वाक्याच्या शेवटी असा शब्द बहुतेक वेळा 'आहे'. म्हणजे क हा अ, आणि ह जागचा हलला नाही. 'पळीप' एकाच अक्षराने सुरू होऊन त्याच अक्षराने संपतो. शेवटचे अक्षर सप्तमीचा 'त' धरला तर 'त_ीत'. ह हलला नाही तसा ळ हलला नसेल, असे धरून पाहिले की 'तळीत' समोर येते. टावी आता 'चावी' झाली. उरला 'नाखट्शा', म्हणजे '_ा_च्या', देवळाच्या नंतर आणि तळीच्या आधी. 'मागच्या'शिवाय दुसरे काय असणार?

यात आकडेमोड जवळजवळ नाही. मराठीत शेपटे आधी पाहायची आणि मोजणी नंतर करायची. लांब मजकूर असेल, म्हणजे दीडशे अक्षरांच्या पुढे, तर वहीत दोन रकाने करा: एकात व्यंजने, दुसऱ्यात मात्रा. दोन्ही एकत्र मोजणे ही नवख्यांची नेहमीची चूक. 'का', 'की', 'के' यांना तीन वेगळी चिन्हे धरले तर कशाचीच संख्या वर येत नाही. व्यंजनांत त, र, ल, न, क, च, य, स, म, व, ह ही वर येतात. ङ, ञ, झ, ढ, ठ, छ, ष तळाला असतात. मात्रांमध्ये काना सर्वांच्या पुढे. होम्सच्या 'डान्सिंग मेन'मध्ये पहिल्या चिठ्ठीत अवघी १५ चित्रे आहेत आणि त्यातली ४ सारखी, तेवढ्यावर तो सुरुवात करतो. पण पुढच्या चिठ्ठ्या आल्याशिवाय त्याचे काम पुरे होत नाही. कथाकाराने ही गोष्ट लक्षात ठेवावी. एका लहान चिठ्ठीवर वाचकाला ताटकळत ठेवू नये, दोन-तीन चिठ्ठ्या द्याव्यात.

फोडणाऱ्याचे काम अवघड करायचे असेल तर शब्दांमधली जागा काढा आणि पाच-पाच अक्षरांचे गट करा. 'आहे' गाळा, मराठी वाक्य क्रियापदाशिवाय खुशाल उभे राहते. 'देवळाच्या मागच्या' असे दोनदा '-च्या' न लिहिता 'देवळामागे' लिहा. आणि शिरोरेघ सलग ओढू नका. 'डान्सिंग मेन'मध्ये शब्द कुठे संपतो हे झेंड्यांनी कळते, आपल्याकडे ते काम शिरोरेघ फुकटात करते. अक्षरागणिक तुटक रेघ द्या किंवा रेघच देऊ नका.

आकड्यांचा तक्ता

वर्णमाला मुळातच वर्गांत मांडलेली असल्याने आपल्याला तक्ता शोधावा लागत नाही. हातांच्या खुणांनी बोलायच्या करपल्लवीत हेच तत्त्व आहे: आधी वर्ग दाखवायचा, मग वर्गातले अक्षर, मग मात्रा. कागदावर सात आडव्या ओळी आणि पाच उभ्या रांगा आखा:

१: क ख ग घ ङ
२: च छ ज झ ञ
३: ट ठ ड ढ ण
४: त थ द ध न
५: प फ ब भ म
६: य र ल व ळ
७: श ष स ह अ

चौतीस व्यंजने, आणि शेवटच्या घरात अ. सुटे स्वर या अ वर मात्रा देऊन लिहायचे. तिसरा आकडा स्वराचा: ० पाय मोडलेले अक्षर, १ अ, २ आ, ३ इ-ई, ४ उ-ऊ, ५ ए, ६ ऐ, ७ ओ, ८ औ, ९ ऋ. इ-ई आणि उ-ऊ एकत्र केल्याने दहा आकड्यांत सगळे बसते आणि अर्थाचे सहसा बिघडत नाही. अनुस्वाराला वेगळा आकडा देऊ नका. तो त्या-त्या वर्गाच्या अनुनासिकाने लिहा. 'मांडवी' म्हणजे मा-ण्-ड-वी: ५५२ ३५० ३३१ ६४३. जोडाक्षरही असेच, 'शुक्रवारी' म्हणजे ७१४ ११० ६२१ ६४२ ६२३.

निरोप घेऊ: 'बेती फेरीवर ये'. (बेती हे मांडवी नदीच्या काठचे गाव, फेरी म्हणजे नदी ओलांडणारी बोट.)

बे ५३५, ती ४१३, फे ५२५, री ६२३, व ६४१, र ६२१, ये ६१५.

तीन-तीनचे गट तसेच ठेवले तर अक्षर कुठे संपते ते दिसते, म्हणून पाच-पाचचे करा: ५३५४१ ३५२५६ २३६४१ ६२१६१ ५९०८९. शेवटचे ९०८९ हे भरताड. अक्षराचा पहिला आकडा १ ते ७ मधलाच असतो, म्हणून ९ दिसताच वाचणाऱ्याने थांबायचे.

एवढ्यावर थांबलात तर जाणता माणूस दहा मिनिटांत गाठेल. दर तिसरा आकडा ओळीने लिहून काढला की दुसऱ्या जागेवर पाचाच्या वर काहीच नाही, हे त्याला दिसते. लांब निरोपात ते लपत नाही. त्यावर उपाय बेरजेचा. एक किल्लीसंख्या ठरवा, आकड्यांखाली पुन्हापुन्हा लिहा आणि हातचा न घेता मिळवा. किल्ली १९६१ असेल तर:

५३५४ + १९६१ = ६२१५ (५+१=६; ३+९=१२, लिहा २; ५+६=११, लिहा १; ४+१=५)

असे शेवटपर्यंत केले की मिळते: ६२१५२ २१३६५ ८४७३७ ७३०२२ ६८६९०. उलगडताना तीच किल्ली हातचा न घेता वजा करायची. वरचा आकडा लहान असेल तर त्यात दहा मिळवून वजा करा.

किल्ली तीन किंवा सहा आकडी घेऊ नका. अक्षरही तीन आकड्यांचे असल्याने दुसऱ्या जागेवर ठरावीक आकडेच मिळत राहतात आणि तिथला पाचांचा ठसा पुसला जात नाही, फक्त सरकतो. चार, पाच किंवा सात आकडी घ्या. १९६१ ही किल्ली खऱ्या गुपितासाठी अगदी वाईट, कारण ते गोवामुक्तीचे साल आणि गोव्यात कोणीही पहिला अंदाज तोच करील. पण कथेसाठी ती उत्तम आहे. वाचकाला 'हे मला सुचायला हवे होते' असे वाटले पाहिजे, आणि तसे वाटायला किल्ली त्याच्या ओळखीचीच हवी.

हाच तक्ता नदीपलीकडून बॅटरी दाखवायलाही चालतो. होम्सच्या 'रेड सर्कल'मध्ये मेणबत्ती हलवून निरोप देतात, ए म्हणजे एक झोत, टी म्हणजे वीस. निरोप निघतो इटालियन, आणि इटालियन वर्णमालेत जे, के नसल्याने टी खरे तर अठरावा येतो. वर्णमाला कोणाची, हे आधी ठरवायचे ते यासाठी. आपल्याकडे 'ह' एकेक मोजत गेलात तर तीसच्या वर झोत लागतात, तक्त्याने ७ आणि ४. आकड्यांमध्ये तीन श्वासांची खंड ठेवा. शून्यासाठी एक लांब झोत.

पुस्तकी संकेत

पान, ओळ, शब्द: तीन आकड्यांत एक शब्द. वाचायला सोपे वाटते, पण मराठीत इथेच सर्वांत जास्त घोटाळे होतात. होम्सला मिळालेला उलगडाही तुटक इंग्रजीत आहे, कारण पानावर जे शब्द होते त्यांवरच भागवावे लागले. आणि 'डग्लस', 'बर्लस्टोन' ही नावे पानावर नसल्याने चिठ्ठीत उघडीच लिहिली होती. मराठीत अडचण दुप्पट. पानावर 'देऊळ' असेल, आपल्याला हवे असते 'देवळात'.

म्हणून शब्द उचलू नका, अक्षर उचला. पहिले अक्षर घेण्याची रीत इंग्रजीत चालते, मराठीत अडते, कारण ळ आणि ण यांनी शब्द सुरूच होत नाहीत. 'तळी' लिहायची तर ळी कुठून आणणार? चार आकडे द्या: पान, ओळ, शब्द, शब्दातले अक्षर. दोघांनी आधी ठरवायच्या गोष्टी: शीर्षकाची ओळ मोजायची की नाही, जोडाक्षर एकच धरायचे (धराच), ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द वरच्या ओळीचा की खालच्या, 'हळूहळू' एक शब्द की दोन. एकच अक्षर पुन्हा लागले तर दुसऱ्या जागेवरून घ्या. तीच जागा दोनदा वापरली की हा साधा बदलाबदलीचा संकेत होऊन बसतो.

पुस्तक निवडताना आवृत्ती आणि साल कथेतच कुठेतरी दिसू द्या. आरतीसंग्रह सुचतो, कारण तो प्रत्येक घरात असतो. पण आरत्यांचा पाठ गावागणिक बदलतो. एक कडवे मागेपुढे झाले की पुढचे सगळे आकडे सरकतात. कथेत हा दोष वापरताही येतो: निरोप फोंड्याकडच्या पाठाने लागतो आणि पेडण्याकडच्या पाठाने नाही, तर लिहिणारा कुठला ते कळले.

जे उघडे दिसते ते

'ग्लोरिया स्कॉट'मध्ये शिकारीच्या पक्ष्यांविषयीच्या निरर्थक चिठ्ठीतला पहिला, चौथा, सातवा असे शब्द घेतले की धोक्याचा इशारा निघतो. होम्स आधी उलटे वाचून पाहतो, मग एक सोडून एक, आणि मग दोन सोडून एक. मूळ चिठ्ठी वेडगळ वाटते, हाच तिचा दोष. मराठीत हे जास्त चांगले साधते, कारण शब्दांचा क्रम आपण हवा तसा हलवू शकतो:

आज सुमनताईंकडे आरत्या. रात्री भजनाची एक फेरी होईल, घाई नको.

पहिला, चौथा, सातवा, दहावा: आज रात्री फेरी नको. सगळी करामत 'फेरी' या शब्दात आहे. वर ती भजनाची, आत मांडवीवरची. असा दोन अर्थांचा शब्द आधी शोधा आणि वाक्य त्याच्याभोवती विणा. आधी वाक्य लिहून मग शब्द घुसडायला गेलात की ते बळेच आणल्यासारखे दिसते. लपवायचे शब्द सहाच्या पुढे नेऊ नका, वरचा मजकूर ताणला जातो.

गोव्यातल्या कथेला माटोळीसारखे दुसरे साधन नाही. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळापानांकडे सगळे पाहतात आणि मोजत कोणी नाही. डावीकडून तीन-तीन जातींचा एक गट करा आणि नग मोजा: ५ नारळ, ३ चिबूड, ५ तोरिंगे म्हणजे 'बे'. शून्य टांगता येत नाही, तेव्हा जोडाक्षर नसलेला निरोप निवडा. आंबाड्यासारखी देठातून गळणारी फळे मोजणीला घेऊ नका. आणि गणपती दीड दिवसाचा असेल तर निरोपही दीडच दिवस जिवंत राहतो. कथेला घड्याळ आयतेच मिळते.

फिरती जाळी

१८८५ सालच्या 'मथायस सँडॉर्फ'मध्ये ज्यूल व्हर्नने ३६ घरांची जाळी वापरली. पुठ्ठ्याचा तुकडा, त्यात नऊ खिडक्या. खिडक्यांत नऊ अक्षरे लिहायची, पुठ्ठा पाव फेरी फिरवायचा, पुन्हा नऊ. चार फेऱ्यांत ३६ घरे भरतात.

१२ सेंटिमीटरचा चौरस घ्या, २ सेंटिमीटरची घरे आखा. देवनागरीला याहून लहान घर पुरत नाही. वेलांटी आणि उकार खिडकीच्या काठाखाली कापले जातात आणि 'कु'चा 'क' होतो. घरांत हे आकडे लिहा:

१ २ ३ ७ ४ १
४ ५ ६ ८ ५ २
७ ८ ९ ९ ६ ३
३ ६ ९ ९ ८ ७
२ ५ ८ ६ ५ ४
१ ४ ७ ३ २ १

१ ते ९ प्रत्येक आकडा एकदाच निवडून तेवढीच घरे कापा. उदाहरणार्थ पहिल्या ओळीतले दुसरे आणि पाचवे, दुसऱ्या ओळीतले तिसरे, तिसरीतले पहिले आणि चौथे, चौथीतले पाचवे, पाचवीतले दुसरे, सहावीतले चौथे आणि सहावे. एकच आकडा दोनदा कापला गेला तर पुढच्या एखाद्या फेरीत खिडकीखाली आधीच लिहिलेले अक्षर येते. तसे दिसले की जाळी चुकली, निरोप नव्हे. वरच्या बाजूला खूण करा, नाहीतर पुठ्ठा उलटा पडतो आणि आरशातली जाळी होते. ५ बाय ५ ची जाळी घेऊ नका, मधले घर जागचे हलत नाही. निरोप ३६ अक्षरांना कमी पडला तर उरलेल्या घरांत र, त, ला, चा असली रोजची अक्षरे भरा. झ, ठ, ढ भरले की भरताड ओळखू येते.

पावसाळ्यात साधा पुठ्ठा दोन दिवसांत वाकतो आणि खिडक्या घरांवर बसत नाहीत. त्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मग कापा, किंवा जुन्या फाइलचे प्लॅस्टिकचे कव्हर वापरा.

प्लेफेअर

चार्ल्स व्हीटस्टनने १८५४ साली काढलेली ही रीत डोरोथी सेयर्सने १९३२ च्या 'हॅव हिज कार्केस'मध्ये वापरली. इंग्रजीत २५ घरे, आपल्याला सात बाय पाच. आधी किल्लीशब्दातली व्यंजने, मग उरलेली वर्णक्रमाने. किल्लीत अक्षर पुन्हा येत नसेल असा शब्द घ्या. 'साखळीबाजार' घेऊ:

स ख ळ ब ज
र क ग घ ङ
च छ झ ञ ट
ठ ड ढ ण त
थ द ध न प
फ भ म य ल
व श ष ह अ

व्यंजने दोन-दोन घ्या, मात्रा जागेवर. दोन्ही एका ओळीत असतील तर प्रत्येकाच्या उजवीकडचे: घर = ङक. एका रांगेत असतील तर खालचे, तळाला असेल तर वर जाऊन पहिले: चावी = ठासी. नाहीतर चौकोनाचे समोरचे कोपरे, प्रत्येकाने आपल्याच ओळीतला घ्यायचा: तळी = ढजी. जोडीत एकच अक्षर दोनदा आले, जसे 'ममता'त, तर मधे ञ घाला, तो मराठीत एरवी फिरकत नाही. शेवटी एकटे उरले तरी ञ.

चूक होते ती बहुतेक कोपऱ्यांच्या वेळी. आपल्या ओळीऐवजी आपल्या रांगेतला कोपरा घेतला की जोडी उलटी होते. प्रत्येक जोडी लिहिताच लगेच उलगडून पाहा.

शाई

लिंबाच्या रसापेक्षा आमची पसंती सोड्याला. एक चमचा खायचा सोडा दोन चमचे पाण्यात कालवा, काडीला कापूस गुंडाळून लिहा, पूर्ण वाळू द्या. वाचायच्या वेळी हळदीचे पाणी फिरवा, अक्षरे लालसर उठतात. हळद आणि चुन्यापासून कुंकू होते ते ज्या गुणाने, तोच हा गुण. चुन्याच्या निवळीने रंग जास्त चढतो, पण ती शाई जुनी झाली की हवेने तिचे कार्बोनेट होते आणि अक्षर फिके उमटते. त्याच दिवशी वाचायचे असेल तरच चुना.

छापण्याआधी

संकेत वहीत बरोबर असतो आणि छापील पानावर बिघडतो. फोन आणि संगणक 'पळीप'ला 'पळीत' करून टाकतात, म्हणून आपोआप दुरुस्ती बंद करून टंकलेखन करा. 'ट्शा'सारखी परकी जोडाक्षरे काही टंकांत ट आणि शा अशी सुटी पडतात. तसे झाले तर सगळीकडे तसेच होऊ द्या किंवा टंक बदला. आकड्यांच्या चिठ्ठीत ओळ तुटताना पाचाचा गट फुटणार नाही हे पाहा. मुद्रितशोधकाला आधीच कळवून ठेवा की हे शुद्धलेखन तपासायचे नाही. आणि शेवटचे मुद्रित हातात आले की वही बाजूला ठेवा आणि त्या पानावरूनच, पहिल्या अक्षरापासून, किल्ली लावून निरोप काढा.